घरी असल्याची नोंद

सरकारी कागदानुसार माझे पती त्या वर्षी चैत्र आणि वैशाख असे दोन महिने रजेवर, घरी होते. तशी छापील नोंद आहे. खाली शिक्का आहे, अधिकाऱ्याची सही आहे. मी त्या घरात होते. ते नव्हते.

ही नोंद दुरुस्त व्हावी म्हणून ते आयुष्याची शेवटची चार वर्षं अर्ज करत राहिले. त्यांना एक पदक हवं होतं. उत्तरेकडच्या हिमनदीवर, बर्फातल्या चौकीत ठरावीक दिवस काढलेल्या सैनिकाला ते मिळतं. ते दिवस त्यांनी काढले होते. कागद म्हणत होता, काढले नाहीत. आणि कागदाला खोटं ठरवू शकेल असा पुरावा या सगळ्या काळात माझ्या पुस्तकांच्या कपाटात होता.

त्यांना जाऊन वर्ष झालं. हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. मी नोकरीभर शाळेची ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवणं हे माझं काम. स्वतःचं लिहायचं म्हटलं की हात जड होतो. तरी सुरुवातीपासून सांगते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. उचगावात आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे मी आणि सासूबाई राहायचो. हे पायदळात होते. दोन वर्षांत ते माझ्याजवळ एकूण किती दिवस राहिले, हे मला तेव्हा दिनदर्शिका न बघता सांगता यायचं. फाल्गुनात त्यांचं पत्र आलं की दोन महिन्यांची रजा मंजूर झाली, हुकूमही निघाला. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने पोचणार तेही लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती : स्टेशनवर येऊ नकोस, मी येतो घरी.

मी गेले. शाळेत रजा टाकली होती. सासूबाईंनी पहाटेच पाट्यावर वाटण वाटून झाकून ठेवलं होतं. गाडी आली, माणसं उतरली, हमालांची गडबड झाली आणि ओसरली. फलाटावर एक धिप्पाड गडी उरला. काळी ट्रंक, खांद्यावर वळकटी, हातात एक कापडी बोचकं. तो माझ्याकडे बघत होता, मग खिशातून एक फोटो काढून त्याच्याकडे बघत होता, मग परत माझ्याकडे. तो फोटो माझ्या लग्नातला होता.

"वैनीच न्हवं का?" तो म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच. फलाटावरच्या चहावाल्यानेही वळून बघितलं. "मी त्येचा जोडीदार. शाहूवाडीचा. त्यो आला न्हाय."

"गाडी चुकली का त्यांची?"

"गाडी न्हाय चुकली. त्यो वर गेला. माझ्या पाळीवर."

मला काही कळेना. मग त्याने तिथेच ट्रंकेवर बसून सगळं सांगितलं. चौकीवर जाणाऱ्या तुकडीत याचं नाव लागलं होतं, आणि रजा माझ्या नवऱ्याची होती. पण माघात याचे वडील वारले. त्यांच्या घराण्याकडे गावच्या सासनकाठीचा मान. चैत्राच्या यात्रेला गावोगावच्या या उंच, सजवलेल्या काठ्या जोतिबाच्या डोंगरावर जातात, आणि त्यांच्या गावची काठी पिढ्यान्‌पिढ्या याच घरातला पुरुष पुढून धरायचा. आता घरात तो एकटाच पुरुष. तो गेला नाही तर काठी त्या वर्षी मंदिरातच आडवी राहणार होती.

"मी काय बोललोबी न्हवतो, वैनी. नुसता बसलोतो तंबूत. ह्योच म्हणाला, 'जा. माझी रजा घिऊन जा. मी जातो वर.' मी म्हटलं, येडा हाईस का, घरात नवी बायकू हाय तुझी. तर म्हणाला, 'ती शानी हाय. तिला कळतंय.'"

मी "बरं" एवढंच म्हणाले आणि चालू लागले. तो ट्रंक, वळकटी आणि बोचकं सांभाळत रिक्षांपर्यंत मागे आला. "वैनी, शिव्या घाला, पर बोला की कायतरी!" बोचक्यात मनुका होत्या आणि एक लोकरी शाल. मी दोन्ही घेतलं. बोलले नाही. मला तेव्हा अजिबात कळत नव्हतं. शहाणी असण्याचा मला त्या दिवसाइतका राग कधीच आला नाही.

चूक कशी झाली तेही इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पलटणीत कुणाची रजा, कुणाची बदली, सगळ्याची नोंद छापील हुकुमात होते आणि तीच नोंद त्या माणसाच्या सेवेच्या कागदात कायमची जाऊन बसते. यांच्या रजेचा हुकूम निघून गेला होता. अदलाबदलीला सुभेदारसाहेबांनी तोंडी होकार दिला. कारकून म्हणाला, तुम्ही निघा, कागदाचं मी मागाहून बघतो. त्याने जोडीदाराची रजा तेवढी वेगळी चढवली. यांची रद्द करायची राहिली. मग कारकुनाची बदली झाली, मग पलटणच हलली. जोडीदार पुढल्या तुकडीतून वर गेला, पुरी मुदत काढून खाली आला आणि त्याला रीतसर पदक मिळालं. हे ज्या काळात बर्फात होते त्या काळात कागदावर उचगावात होते.

स्टेशनच्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी पत्र आलं. निळं आंतर्देशीय पत्र, वर फौजी टपालाचा गोल शिक्का. त्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं. टपालघराचा आकडा आणि तारीख असते. पोस्टमनने ते शाळेत आणून दिलं. मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाचं दार लोटून ते वाचलं.

पत्र लहान होतं. थंडीने पेन चालत नाही, म्हणून पेन काखेत धरून गरम करून लिहितोय, असं लिहिलं होतं. आईचा गुडघा कसा आहे. मोरीचा नळ गळत होता तो कुणाकडून तरी दुरुस्त करून घे, मी आल्यावर करणार होतो. इथे दिवसभर स्टोव्हवर बर्फ वितळवत बसावं लागतं, तेव्हा कुठे प्यायला पाणी होतं. आणि मग : "स्टेशनवर येऊ नकोस असं मी लिहिलं होतं, तरी तू येणार हे मला माहीत होतं. गाडीच्या वेळेला मी घड्याळ बघत होतो. तू फलाटावर कुठल्या बाजूला उभी असशील याचा विचार करत होतो. ती पाच-दहा मिनिटं फार वाईट गेली. राग मान. पण माझ्यावर मान, त्याच्यावर नको."

मी ते पत्र घडी करून नोंदवहीखाली ठेवलं आणि सुट्टी संपेपर्यंत पुस्तकांवर शिक्के मारत बसले.

ते श्रावणात आले. आधी मी ओळखलंच नाही. नाकावरची आणि गालांवरची कातडी करपून सोलली होती, ओठ फुटले होते, शर्ट खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता. जेवताना त्यांनी विचारलं, "पत्र मिळालं का?"

मला ते पत्र तोंडपाठ होतं. मी म्हणाले, "मिळालं. बंबात घातलं."

ते घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, "पाणी तरी तापलं का?"

सासूबाई हसल्या, मग तेही हसले. माझं हसू मी दाबलं, कारण राग अजून पुरता गेला नव्हता. आणि तो गेला तेव्हा खरं सांगायची वेळ निघून गेली होती. पुढे घरात ती म्हणच झाली. विजेचं बिल सापडत नाही, लग्नाची पत्रिका कुठे ठेवली कळत नाही, की ते म्हणायचे, "बाईंना विचारा, बंबात असंल." शाळेत मला सगळे बाई म्हणायचे, म्हणून तेही म्हणायचे.

पत्र मी घरच्या कपाटात एका जुन्या शब्दकोशात ठेवलं. त्या कोशाचे तीन जाड खंड होते, ग्रंथालयाने बाद केलेले. मी ते घरी आणले होते. यांना पुस्तकांची आवड नव्हती. रविवारी सकाळी ते सगळं कपाट झटकायचे, एकेक पुस्तक काढून कापडाने पुसायचे, पण उघडायचे नाहीत. तुझी पलटण तपासतोय, म्हणायचे. त्यामुळे मला भीती नव्हती. वर्षातून एकदा, चैत्रात, मी ते पत्र काढून वाचायची. घड्या झिजून शेवटी त्यांतून पलीकडचं दिसायला लागलं.

हवालदार होऊन ते निवृत्त झाले. मग काही वर्षं एका साखर कारखान्याच्या फाटकावर काम केलं. शाहूवाडीचे भावजी, म्हणजे तोच जोडीदार, दर वर्षी नव्या तांदळाचं पोतं घेऊन यायचे आणि अंगणातूनच हाक मारायचे, "वैनी, बोलणार हाईसा का अजून रुसवाच हाय?" तीस वर्षं हाच एक विनोद.

पदकाचा विषय निघाला तो एका मेळाव्यात. माजी सैनिकांच्या मेळाव्याला हे कोट घालून जायचे, छातीवर पदकांची पट्टी लावून. तिथे कुणा तरुण जवानाने पट्टी न्याहाळून विचारलं, "काका, तुमी वर न्हवता का गेला?" हे घरी आले आणि कोट न काढता खुर्चीत बसले.

"काय सांगितलं मग त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं, न्हाय गेलो." थोड्या वेळाने म्हणाले, "कागूद काय म्हणतोय त्येच सांगावं लागतं की."

दुसऱ्या दिवशी ते कोट घेऊन लक्ष्मीपुरीतल्या शिंप्याकडे गेले आणि पदकांची पट्टी नव्याने बसवून आणली. सगळी पदकं थोडी सरकवून मध्ये एका पदकाची जागा मोकळी सोडली होती. पदकांचा क्रम ठरलेला असतो, म्हणाले, आल्यावर परत उसवायला नको.

इतकी वर्षं अर्ज का केला नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, जोडीदार नोकरीत होता तोवर त्याच्यावर बालंट आलं असतं. दुसऱ्याच्या रजेवर गेला म्हणून. नंतर राहून गेलं.

अर्ज मी लिहायची. ते सांगायचे आणि मी शुद्ध करून लिहायची. पहिल्या अर्जाला सात महिन्यांनी उत्तर आलं. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं : सदर कालावधीत अर्जदार वार्षिक रजेवर, राहत्या घरी असल्याचे नोंदीवरून दिसून येते.

"मी घरात हुतो म्हणं," ते म्हणाले. "आन तू बोलली न्हाईस व्हय मला?"

दुसऱ्या अर्जाला भावजींचा जबाब जोडला. त्यांनी फोटोही दिला. गुलालाने माखलेले भावजी, दोन्ही हातांत सासनकाठी, वर बघताहेत. उत्तर आलं की फोटोवर तारीख नाही आणि इतक्या वर्षांनी दिलेला मित्राचा जबाब पुरेसा नाही. माजी सैनिकांच्या ऑफिसातला कारकून स्वतः फौजेतून आलेला, भला माणूस होता. तो म्हणाला, "दादा, त्या दोन महिन्यांतला कायतरी कागद आणा. त्याच वेळचा. तुमी हितं न्हवता, तिकडं हुता, असं दाखवणारा."

त्या संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "एक पत्र हुतं."

मी भाकरी मोडत राहिले.

"शिक्का हुता त्येच्यावर. आकडा, तारीख, सगळं. घरात असलेला माणूस घरच्या पत्त्यावर बर्फातनं पत्र कशाला टाकंल?" मग हसले. "पर ते बाईंनी बंबात घातलं."

मी त्यांना कोशिंबीर वाढली.

का गप्प बसले, हे मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. लाज होतीच. तीस वर्षांहून जास्त एक खोटं आम्ही हसत सांभाळलं होतं, ते असं एकदम ताटाशेजारी कसं ठेवायचं? शिवाय त्या झिजलेल्या घड्या बघितल्या असत्या तर मी ते किती वेळा वाचलं हे त्यांना लगेच कळलं असतं. आज वाटतं, कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण आणखी एक कारण होतं आणि ते लाजेपेक्षा अवघड आहे. ते पहिलं उत्तर फाइलला लावण्याआधी मी एकटी असताना परत वाचलं होतं. वार्षिक रजेवर, राहत्या घरी. दोन महिने. कुठल्यातरी दूरच्या कपाटात, सही-शिक्क्यासह, ते दोन महिने माझ्याजवळ होते. मी तो कागद हातात धरून बसले आणि ते दोन महिने मला दिसायला लागले. सकाळच्या गाडीतून ते उतरतात. वाटण वाया जात नाही. मोरीचा नळ दुरुस्त करताना कॉलर भिजवून घेतात. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी सायकल घेऊन उभे असतात, आणि मुली बघतात म्हणून मी पुढे चालते आणि ते मागून. शहरात जाऊन गंगावेशीत धारोष्ण दूध पितो आणि त्यांच्या मिशीला फेस लागतो. उन्हं उतरल्यावर उचगावच्या रस्त्याने सायकलच्या दांडीवर बसून परत. रोज. साठ दिवस, रोज. आमच्या सबंध संसारात सलग साठ दिवस, तेही त्या वयात, कधीच मिळाले नव्हते. फक्त या कागदात मिळाले होते. आणि पत्र बाहेर काढलं की ते मीच माझ्या हाताने खोडणार होते.

हे शहाण्या बाईचे विचार नव्हेत. मी मनाशी म्हणायची, देऊ पुढच्या अर्जाबरोबर. दिवाळी होऊ दे. उन्हाळा होऊ दे. चार वर्षं अशीच गेली. मग भाद्रपदातल्या एका सकाळी ते कपाट पुसता पुसता खाली बसले, पाणी मागितलं, आणि मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. महिन्याभराने भावजी आले. तांदळाचा हंगाम नव्हता, हात रिकामे होते. अंगणातून हाक मारली नाही. आत येऊन खाली जमिनीवर बसले आणि बराच वेळ कोटाकडे बघत राहिले. तो अजून खुंटीवरच होता.

"वैनी," ते म्हणाले, "त्यो कागूद देतासा का?"

"कुठला?"

"बंबातला."

मी चहाचा कप खाली ठेवला. ते खाली बघत म्हणाले, "त्येला ठावं हुतं. लई सालांमागं पुस्तकं पुसताना घावलं म्हणाला. म्हणाला, हाय तितंच ठेवून दिलं."

"मग मागितलं का नाही कधी?" माझा आवाज चढला. "चार वर्षं अर्ज लिहून घेतले माझ्याकडून!"

"मीबी त्येच म्हटलं की! म्हटलं, गड्या, घरात पुरावा आन तू दारोदार फिरतुयास, डोकं हाय का जाग्यावर? तर म्हणाला, 'तिनं जाळलं म्हणून सांगितलंय. आता मागायचं म्हंजे तिला खोटं पाडायचं. तिच्या मनात आलं की दील ती.'" भावजींनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. "म्हणाला, 'ती स्टेशनात थांबलीती. मी थांबतो थोडं.'"

भावजी गेल्यावर मी शब्दकोशाचा तो खंड काढला. मला तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी चैत्रात कधीही कपाट उघडलं तरी त्या तीन खंडांवर धूळ नसायची. बाकीच्या पुस्तकांवर आठवड्याची असायची. या खंडांवर नसायची.

आम्ही दोघं ऑफिसात गेलो, मी आणि भावजी. बाकांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन म्हातारे बसले होते. त्यांतल्या दोघातिघांनी मला ओळखून जागा दिली. कारकुनाने पत्र हातात घेतलं, शिक्क्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"आकडा स्पष्ट हाय," तो म्हणाला. "तारीखबी. मॅडम, हे आधी मिळालं असतं तर…" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने वाक्य सोडून दिलं. "मूळ पत्र पाठवावं लागंल. झेरॉक्सवर शिक्का धरत न्हाईत. परत येईल, मी तसं लिहितो."

"आन न्हाय आलं तर?" भावजी गरजले. "जीव हाय त्यो वैनीचा. तुमच्या फाइलीत घालून बसू नका."

"आजोबा, हळू बोला. ऑफिस हाय."

"हळूच बोलतोय की!"

बाकावरचे म्हातारे हसले. मग कारकुनाने मला एक कोरा कागद दिला. पत्नी म्हणून माझाही जबाब लागणार होता. त्याने सांगितलं तसं मी लिहिलं : वरील कालावधीत माझे पती रजेवर घरी आले नव्हते. सोबतचे पत्र त्यांनी त्याच काळात चौकीवरून मला पाठवले होते. ते त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.

इथपर्यंत माझं अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. मग मी आणखी एक वाक्य लिहिलं. ठरवून नाही, ते असं : मी त्यांची वाट पाहत होते.

कारकुनाने कागद वाचला. शेवटच्या वाक्यापाशी थांबला. "मॅडम, ह्ये शेवटचं… ह्येची गरज न्हाय. वरच्यांना कळायचं न्हाय, कशासाठी लिवलंय ते."

"खोडू का?"

"एका रेघेनं खोडा. आन बाजूला सही करा. खाडाखोड केली की सही लागते, न्हायतर जबाब धरत न्हाईत."

मी पट्टी मागून घेतली, एक सरळ रेघ ओढली आणि समासात सही केली. रेघेखालून वाक्य नीट वाचता येत होतं. भावजींना वाचता येत नव्हतं चष्म्याशिवाय. त्यांनी विचारलं, काय खोडलं? मी म्हणाले, जास्तीचं होतं.

नऊ महिने लागले. या आषाढात जाड पाकीट आलं. आत एक कागद होता : सदर रजेची नोंद रद्द करण्यात येत असून उक्त कालावधीत ते चौकीवर हजर होते असे वाचावे. पदक वेगळ्या डब्यात आलं. पत्रही आलं, कारकुनाने शब्द पाळला होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात फाइलच्या दोरीसाठी भोक पाडलं होतं आणि एक झिजलेली घडी कुणीतरी काळजीपूर्वक पारदर्शक पट्टीने चिकटवली होती.

भावजींना फोन केला. ते त्याच दिवशी एसटीने आले. दोघांनी मिळून कोट खुंटीवरून काढला. पदक मोकळ्या जागेत बरोबर बसलं. एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही. भावजी कोटासमोर टाचा जुळवून उभे राहिले, म्हातारपणी जमेल तितके ताठ.

ते गेल्यावर मी नवा कागद आणि पत्र एकत्र घडी करून शब्दकोशात ठेवायला गेले. आता ते दोन महिने कुठल्याच कागदावर माझे नाहीत. हे चौकीवर होते, स्टोव्हवर बर्फ वितळवत होते, घड्याळ बघत होते. तसंच लिहिलेलं आहे आणि तसंच खरं आहे. खंड बाहेर काढताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. त्या तीन खंडांवर आता धूळ बसते. रविवारी सकाळी मी कापड घेते आणि पुसते.